फक्कीची लाँच

माझ्या सासूबाईंचं वजन किती, हे मला आप्पांकडून कळलं. सासूबाईंना विचारायची माझी छाती नव्हती, आणि आप्पांना मी विचारलेलं नव्हतं. सासूबाई पुण्याहून चार दिवस राहायला आल्या होत्या. आप्पांनी त्यांना "आमचं स्टोअर बघाया या की" म्हणून अगत्यानं बोलावलं, बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि चहा संपेपर्यंत त्यांच्या माहेरची चौकशी केली. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "फार सालस माणूस आहे हो." त्या ज्या खुर्चीवर बसल्या होत्या ती सिमेंटच्या गोणी तोलायच्या काट्यावर मांडलेली होती, हे मी त्या परत जाईपर्यंत त्यांच्या कानावर येऊ दिलं नाही.

आप्पा म्हणजे आमच्या मुळशीच्या धरणावरचे स्टोअरकीपर. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना आप्पाच म्हणत. मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. अंगानं किडकिडीत, डोक्यावर टोपी, आणि गळ्यात सुतळीला बांधलेली शिट्टी. स्टोअरमध्ये खिळे आणि वायसर मोजणाऱ्या माणसाला शिट्टी कशाला लागते, असा प्रश्न प्रत्येक नव्या माणसाला पडे. मी सत्तरच्या दशकात कारकून म्हणून तिथं रुजू झालो तेव्हा मलाही पडला. पहिल्याच हिवाळ्यात त्याचं उत्तर मिळालं.

धरणावर एक मोटारलाँच होती. पाण्याची पाहणी करायची आणि पलीकडच्या वाड्यांवर माणसं, सामान पोचवायचं, हे तिचं रोजचं काम. पण थंडीच्या दिवसांत एखाददुसऱ्या रविवारी ती वसाहतीतल्या कुटुंबांना सहलीसाठी मिळायची. सकाळी धक्क्यावरून निघायचं, पाण्यातून वर वर जायचं, एका वाडीखालच्या देवळापाशी उतरायचं, जेवायचं आणि उन्हं कलायच्या आत परत. वसाहतीत तेव्हा टीव्ही नव्हता, पौडला जायचं तर एसटीची वाट बघा. बायकापोरांना हा रविवार म्हणजे दुसरी दिवाळी वाटायची. आणि ही सहल आखायची मक्तेदारी आप्पांकडे होती. ती त्यांना कुणी दिली नव्हती, पण त्यांच्याकडून काढून घेण्याची कुणाची टापही नव्हती.

एका दिवसाच्या सहलीची आखणी महिनाभर चाले. कुणाला कुठल्या अंगाला बसवायचं हे वजनावर ठरे, त्यासाठीच तो खुर्चीखालचा काटा. आपण संध्याकाळी ताटावर बसून पहिला घास घेतला की दारात आप्पा उभे. "जेवा, जेवा. एकच इचारायचं हुतं. पोरगं गाडी लागल्यावर वकतं का?" ते विचारून झालं की दुसरं. "म्हातारीला वारं सोसतं का?" आणि मग उंबऱ्यावर टेकून, आवाज खाली आणून, सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, "वसाहतीत सध्या कोन कुनाशी बोलत न्हाई?"

मी पहिल्यांदा हसलो होतो. आप्पा हसले नाहीत.

"रुसलेली मानसं एकमेकांकडं पाठ करून बसत्यात, पुणेकर," ते म्हणाले. मी पुण्याचा म्हणून मला ते कधी नावानं हाक मारत नसत. "त्यातली एक उठून दुसऱ्या अंगाला गेली की संगट तिच्या बाजूच्या चार जनी जात्यात. लाँच कलंडती."

म्हणून सहलीआधी आप्पा भांडणं मिटवीत. त्यांची रीत निराळीच होती. कपडे वाळत घालायच्या तारेवरून आमच्या चाळीतल्या दोघीजणींचं बिनसलं होतं. आप्पांनी त्यांना लाँचमध्ये शेजारी बसवलं आणि पिण्याच्या पाण्याचा माठ दोघींच्या मांडीवर अर्धा अर्धा ठेवला. एकीनं अंग काढून घेतलं तर माठ दुसरीच्या मांडीवर फुटणार. जाताना दोघी गप्प होत्या. येताना दोघी मिळून आप्पांना शिव्या घालत होत्या. आप्पांचं काम झालं होतं.

खाण्याचेही कायदे होते. चिवडा बंद, कारण चिवड्यानं तहान लागते, पोरं पाणी मागतात, आणि मागून मिळालं नाही की काठावरून वाकतात. छत्री बंद, वारा भरतो म्हणून. दशम्या आणि बटाट्याची कोरडी भाजी चालेल. आणखी एक कायदा म्हणजे आप्पांच्या देखत त्या पाण्याला तळं म्हणायचं नाही. कुणी म्हटलं की ते चिडत. "तळं न्हवं, मुळा हाय ती. आडवून ठेवली म्हनून नदीचं नाव बदलत्यात व्हय?"

पण या सगळ्यावर कडी म्हणजे शनिवारची तालीम. सहलीच्या आदल्या संध्याकाळी आप्पा वसाहतीच्या मैदानात कबड्डीच्या रेघा आखायची पांढरी फक्की घेऊन येत आणि जमिनीवर लाँच काढत. बरोबर मापाची, पुढं निमुळती, मधे इंजिनाचा चौकोन, दोन बाजूंना बाकं. मग सहलीला जाणारी सगळी कुटुंबं त्या पांढऱ्या रेघांच्या आत आपापल्या जागी मातीत मांडी घालून बसत. पिशव्या, डबे, तान्ही मुलं, सगळ्यांसकट. आप्पा रेघेबाहेर उभे. शिट्टी वाजली की लाँच सुटली. मग कुणी उठायचं नाही. उठला की आप्पा बोट दाखवून शांतपणे म्हणत, "बुडाला." त्यानं रेघेबाहेर जाऊन उभं राहायचं. एकदा धाकट्या साहेबांच्या बायकोच्या पायाला मुंगी चावली आणि त्या उठल्या. आप्पांनी त्यांनाही बुडवलं. साहेब रेघेच्या आत बसून बायकोकडे बघत राहिले. रस्त्यावरून चाललेली एसटी थांबली होती, आणि मैदानात न हलता बसलेल्या सहकुटुंब माणसांकडे कंडक्टर दारातून वाकून बघत होता.

एवढं सगळं करणारा हा माणूस स्वतः लाँचमध्ये कधीच बसत नसे.

मला हे कळायला दोन सहली जाव्या लागल्या. आप्पा धक्क्यावर उभे राहत, चढणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजत, आकडा पुटपुटत, आणि लाँच सुटली की तिथंच उभे राहत. परत येईपर्यंत तिथंच. जेवत नसत. लाँच वळणाआड दिसेनाशी झाली की त्यांचा चेहरा उतरे. त्यांची बायको, माई, दुपारी किटलीतून चहा आणत आणि जवळच्या दगडावर बसून राहत. त्या काही बोलल्या तर आप्पा हूं म्हणत, नजर पाण्यावर. एकदा तापामुळं मी सहलीला गेलो नव्हतो, तेव्हा हे सगळं मी जवळून पाहिलं. लांबून इंजिनाची फटफट कानावर आली आणि त्या माणसाच्या खांद्यावरून कुणी पोतं उतरवून घ्यावं तसं झालं. लाँच लागली, आप्पांनी उतरणारी डोकी पुन्हा मोजली, आकडा जुळला, आणि टोपी काढून ते मोठ्यानं म्हणाले, "सुटलो!" मग उशीर का केला म्हणून सगळ्यांना झाडलं, आणि झाडून झाल्यावर सगळ्यांना घरी नेऊन माईंच्या हातची गरमागरम भजी खाऊ घातली. लोकांची सहल सकाळी सुरू व्हायची, आप्पांची संध्याकाळी भज्यांपाशी सुरू व्हायची.

"आप्पा, तुम्ही का येत नाही?" मी त्या दिवशी विचारलं.

"पान्याचं लई भ्या वाटतंया. लहानपनापासनं. घरच्या हिरीतबी कधी उतरलो न्हाई."

"मग हा सगळा खटाटोप कशाला करता?"

ते माझ्याकडे बघत राहिले. एवढं साधं कळत नाही या माणसाला, असं ते बघणं होतं. "मी न्हाई केलं तरी तुमी जानारच की. मग निदान नीट तरी जा."

मला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. ती अजून आहे.

आप्पांच्या निवृत्तीला थोडे महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. अशीच सहल परत आली होती, आप्पांच्या ओटीवर भजी चालली होती. माईंनी कढईतला शेवटचा घाणा काढला, हात पदराला पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "म्होरल्या खेपंला मी जानार हाय."

आप्पांचं भजं हातातच राहिलं. "तू? मग च्या कोन आनंल?"

"च्या तिकडंच पिऊ. इतकी वर्सं लोकांच्या बायका जाऊन आल्या, मी हितं भजी तळली. आता गावाला गेल्यावर कुठली नदी आन कुठली लाँच? एकदा मला पल्याड जाऊन बघायचं हाय. तुमी यायचं तर या, न्हाई तर ऱ्हावा हितं उबं."

माई कधी एवढं बोलत नसत. आप्पा उठून आत गेले.

ती सहल आखायला आप्पांनी कधी नव्हे एवढा वेळ घेतला. खरं म्हणजे ते आखत नव्हते, टाळत होते. आज म्हणत वारं लई हाय, उद्या म्हणत लाँचची एक फळी मला पटत न्हाई. माईंचे गुडघे दुखतात हे त्यांनी सगळ्या वसाहतीला सांगून टाकलं. माई रोज एवढंच विचारत, "ठरला का रविवार?" शेवटी थंडी संपत आली आणि ठरवावाच लागला. शनिवारी फक्कीच्या लाँचमध्ये माई मागच्या बाकावर कडेला बसल्या. आप्पांनी शिट्टी तोंडात धरली आणि ती वाजेचना. दोनदा फुंकली तेव्हा कुठं आवाज आला. पोरं हसली. आम्ही मोठी माणसं हसलो नाही, कारण त्यांचा चेहरा आम्हांला दिसत होता.

रविवारी सकाळी धक्क्यावर सगळे चढलो. आप्पा नेहमीप्रमाणं डोकी मोजत होते. सगळ्यांत शेवटी माई. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत त्यांनी बायकोच्या डोक्याला हात लावला आणि ठरलेला आकडा पुटपुटला. आकडा बरोबर होता. लाँचवाल्यानं दोर सोडला. आप्पा धक्क्याच्या अगदी कडेला उभे. माई नुसत्या बाकावर थोड्या सरकल्या आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.

आणि आप्पा चढले. डोळे मिटून चढले, लाँचवाल्यानं दंडाला धरून त्यांना माईंच्या शेजारी बसवलं.

सगळ्या वाटेत त्यांनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच हुकूम चालू होते, "कुनी उटू नका. त्या पोराचा हात आत घ्या." पोराचा हात खरोखरच बाहेर असायचा, हे त्यांना कसं कळे कोण जाणे. मी समोरच्या बाकावर होतो म्हणून मला दिसलं. त्यांनी माईंच्या पदराचा शेव मुठीत घट्ट धरून ठेवला होता. माई मान वळवून वळवून पाणी बघत होत्या, काठावरची झाडं बघत होत्या, आणि पदर ओढला जाऊ नये म्हणून मधूनच त्यांच्याकडे जरा झुकत होत्या.

पलीकडं उतरल्यावर माईंना मी कधी पाहिलं नव्हतं तसं पाहिलं. त्यांनी पाण्यात पाय सोडले, पोरींबरोबर खडे फेकले, गुडघे विसरून वाडीपर्यंत चढून गेल्या. तिथल्या एका बाईशी घटकाभरात अशी गट्टी केली की तिची कळशीच आम्हां सगळ्यांना प्यायच्या पाण्यानं भरून खाली घेऊन आल्या. आप्पा देवळाच्या पायरीवर नदीकडे पाठ करून बसले होते आणि दशमी चावत होते, पण घास गिळत होते की नाही शंका होती.

उन्हं कलली तसा वारा उठला. लाँचवाला म्हणाला, "आप्पा, निघाया पायजे. लाटा उटाय लागल्यात." मग एकच घाई झाली. पोरं गोळा करा, डबे भरा, चपला शोधा. आप्पांच्या अंगात नेहमीचे आप्पा संचारले. चढायच्या फळीपाशी उभे राहून त्यांनी एकेक डोकं मोजत सगळ्यांना चढवलं, शेवटी स्वतः चढले, छातीवर हात ठेवून स्वतःला मोजलं आणि म्हणाले, "बरूबर!" शिट्टी वाजली. लाँच निघाली.

बराच वेळ ते पुढच्या टोकाला उभे राहणाऱ्या पोरांना दटावत राहिले. आम्ही निम्म्या पाण्यात आलो होतो. मग ते मागच्या बाकावर येऊन बसले, डोळे मिटले, आणि त्यांचा हात बाजूला गेला. तो हात रिकाम्या बाकावर चाचपडताना मी पाहिला.

"माई?" त्यांनी डोळे उघडले. "माई कुटं हाय?"

"पुढं असतील की," मागून कुणी म्हणालं. "आम्हाला वाटलं मागं आहेत," पुढून आवाज आला.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. सकाळी मोजलं तेव्हा आप्पा धक्क्यावर होते, त्या आकड्यात ते नव्हतेच. नेहमीच नसत. आता त्यांनी स्वतःला मोजून तोच आकडा जुळवला होता. म्हणजे एक माणूस पलीकडं राहिलं होतं, आणि ते कोण हे आता विचारायची गरज नव्हती.

आप्पा उभे राहिले. चालत्या लाँचमध्ये, लाटांमध्ये, कशालाही न धरता. "वळव," ते म्हणाले.

"आप्पा, वारं बघा किती हाय," लाँचवाला म्हणाला. "बायकापोरं हायेत. ह्यास्नी धक्क्याला सोडतो, मंग जातो की माघारी."

"अंधार पडंल तवर! गुडघं धड न्हाईत तिचं. काठ निसरडा हाय तितला. एकलीच हाय ती!" त्यांचा आवाज चिरकला. "वळव म्हनतो ना!"

माझ्या बायकोनं आमच्या तान्ह्या पोरीला छातीशी आवळून धरलं होतं. मला खोटं बोलायचं नाही, मी घाबरलो होतो. तरी तीच आधी म्हणाली, "वळवा हो." मग कुणीच नाही म्हटलं नाही. लाँच वळली तेव्हा एका अंगानं पाणी आत आलं, पण एकही माणूस जागचा उठला नाही. इतके शनिवार मातीत बसून बसून आम्ही तेवढं शिकलो होतो. आप्पा तेवढे उभे होते आणि एकच वाक्य परत परत म्हणत होते, "मी मोजलं हुतं. मी मोजलं हुतं." मला ते ऐकवेना.

मग काठावर हिरवं लुगडं दिसलं. माई पाण्याच्या कडेला दगडावर बसल्या होत्या.

"ती बघा! बसलीय!" सगळी लाँच ओरडली. फळी टाकायच्या आतच आप्पांनी पाण्यात पाय टाकला. घरच्या विहिरीत न उतरलेला तो माणूस मांडीभर पाण्यात पडला, उठला, पुन्हा घसरला. टोपी वाहून गेली. माई घाईनं पुढं आल्या, "अवो, पान्यात काय आलाय असं! पवता तरी येतं का तुमास्नी?" आप्पांनी आपला ओला हात माईंच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

आम्ही सगळे हसत होतो आणि बायका डोळे पुसत होत्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला तो त्या क्षणी. गलका ऐकून वाडीतली ती बाई कोरा चहा घेऊन खाली आली, आणि लाँचवाला म्हणाला, दिवस मावळताना वारं पडंल, जरा थांबूच. तसं ते पडलंही. आप्पा नदीकडे तोंड करून, कुडकुडत, कपबशी हातात धरून बसले होते. मग कपबशी खाली ठेवून म्हणाले, "लई मोठी हाय गं ही."

"मंग! मी काय म्हनत हुते?" माई म्हणाल्या.

येताना आप्पांचे डोळे उघडे होते. नदी शांत होती आणि आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा पुरता काळोख पडला होता.

पुढं आप्पा निवृत्त झाले. माणला जायला टेंपो भरला त्या सकाळी मी निरोप द्यायला गेलो. आप्पा टेंपोच्या मागं दोराच्या गाठी तपासत होते, भरणाऱ्या माणसांना कुठली ट्रंक कुठल्या अंगाला ते सांगत होते. माई रिकाम्या ओटीवर उभ्या होत्या. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "तुला म्हनून सांगते. कुनापाशी बोलू नगंस."

"काय माई?"

"त्या दिशी मी कळशी माघारी द्याया वाडीवर गेले हुते. खाली आले तवा लाँच नुकतीच सुटली हुती. ह्यो टेंपो हाय ना, एवढ्यावरच हुती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती."

"मग मारली का नाही?"

"सगळ्या दुनियेची डोकी मोजत्यात ह्ये. म्हटलं, बघू तरी एकदा, आपलं ध्यानात हाय का."

मला तो वारा आठवला, लाँचमध्ये आलेलं पाणी आठवलं, मी बोलणार होतो. पण माईंकडे बघितलं आणि राग येईना.

"लक्षात आलं नसतं तर काय केलं असतं हो, माई?"

"यील कसं न्हाई? धक्क्याला लागल्यावर कळलंच असतं की. मी तेवढंच धरून बसले हुते." त्यांनी पदर तोंडाला लावला. डोळे भरले होते आणि हसू आवरत नव्हतं. "पन निम्म्या पान्यातनंच वळली बग लाँच!"